अमोनिया प्लँटचा ऑपरेटर कसा घडवायचा: प्रशिक्षण, कामाची वही आणि प्रमाणपत्र

बॉयलरवर माणूस ठेवायचा तर त्याच्याकडे बॉयलर अटेंडंटचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर उभं राहणाऱ्यासाठी तशी सरकारी परीक्षा आपल्याकडे नाही. म्हणून बर्फाचा कारखाना असो, तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असो की दूध संघाचा चिलिंग प्लँट, जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली दोन-चार वर्षं काढलेला मुलगाच बहुतेक ठिकाणी पुढे पाळी सांभाळतो. ही पद्धत वाईट नाही. कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की हात आपोआप सक्शन व्हॉल्व्हकडे, म्हणजे कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसच्या व्हॉल्व्हकडे, जाणं हे पुस्तकातून येत नाही. पण अशा शिकण्यात जुन्या माणसाची चूकही जशीच्या तशी पुढे जाते, आणि अमोनियात काही चुका एकदाच करता येतात.

म्हणून या कामात दोन गोष्टी एकत्र लागतात: बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र आणि प्लँटमध्ये एकेक काम करून, त्यावर सही घेऊन भरलेली वही. नुसतं प्रमाणपत्र पाहून पाळी देऊ नये आणि नुसत्या वर्षांच्या हिशेबावरही देऊ नये.

पाया कुठे घ्यायचा

दहावीनंतर आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड सर्वांत सरळ. त्यात ब्रेझिंग, इलेक्ट्रिकल कंट्रोल, व्हॅक्यूम, चार्जिंग हे सगळं हाताखालून जातं. पण भर घरगुती फ्रिज, एसी आणि सेंट्रल प्लँटवर असतो. अमोनिया त्या मानाने थोडा येतो. शिवाय तिथे हाताला तांब्याच्या नळ्यांची आणि पितळेच्या फिटिंगची सवय लागते. अमोनियात या दोन्ही धातूंना मनाई आहे, कारण ओलाव्यासोबत अमोनिया तांबं खातो. इथे पाइप आणि व्हॉल्व्ह लोखंडाचे, जोड वेल्डिंगचे किंवा फ्लँजचे.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप घ्याल तेव्हा कंपनीचं नाव किंवा स्टायपेंड पाहण्याआधी एकच प्रश्न विचारा: प्लँट अमोनियाचा आहे का? एक वर्ष अमोनियावर काढून राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलाला स्प्लिट एसीवर वर्ष काढलेल्या मुलापेक्षा या क्षेत्रात फार पुढची सुरुवात मिळते. यांत्रिकीचा डिप्लोमा केलेल्यांनाही हेच लागू. अन्नप्रक्रिया क्षेत्राच्या कौशल्य परिषदेची, म्हणजे फिक्सीची, कोल्ड स्टोरेज टेक्निशियनची पात्रताही आहे.

छोट्या अभ्यासक्रमांच्या बाबतीत महाराष्ट्राचं नशीब चांगलं आहे. असोसिएशन ऑफ अमोनिया रेफ्रिजरेशन ही या विषयाला वाहिलेली संस्था पुण्याचीच. ऑपरेटर आणि इंजिनिअरांसाठी ती प्रशिक्षण घेते. इश्रे या रेफ्रिजरेशन-एसी इंजिनिअरांच्या संस्थेच्या शाखाही कार्यक्रम घेतात. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मशीनचं प्रशिक्षण देतात, पण त्यात मशीन शिकवतात, अख्खा प्लँट नाही.

फी भरण्याआधी चालू प्लँट दाखवणार का, तेल काढणं प्रत्यक्ष करून घेणार का, एससीबीए म्हणजे हवेच्या सिलिंडरचा मुखवटा पाठीवर चढवून चालायला लावणार का, आणि शेवटची परीक्षा कागदावर आहे की व्हॉल्व्हपाशी, हे विचारून घ्या. चारही उत्तरं गुळमुळीत आली तर तो नुसता स्लाइड शो आहे.

पहिला महिना: गॅस आणि गेज

अमोनिया, म्हणजे आर-७१७, वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. एक लिटर द्रवाचा साधारण ८५० लिटर वायू होतो. वायू हवेपेक्षा हलका, म्हणून एक्झॉस्ट वर ठेवतात. पण थंड द्रव बाहेर उडाला की पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरकतं, आणि “वर जाईल” म्हणून वाकून पळणारा माणूस त्यातच सापडतो. हवेत अंदाजे १५ ते २८ टक्के अमोनिया असेल आणि ठिणगी मिळाली तर तो पेट घेतो. आठ तासांच्या पाळीसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही मर्यादा धरतात, थोड्या वेळासाठी ३५, आणि ३०० पीपीएम म्हणजे जीव आणि आरोग्याला तत्काळ धोका. नाकाला वास त्याच्या कितीतरी आधी येतो, हे अमोनियाचं मोठं उपकारक लक्षण. मात्र रोज थोड्या वासात राहणाऱ्याचं नाक बोथट होतं. “आमच्याकडे वास असतोच” हे वाक्य ऐकलं की आधी तिथली गळती शोधावी. ओला लाल लिटमस निळा होतो, गंधकाची पेटती कांडी नेली तर पांढरा धूर निघतो. जिथे वास आधीच तीव्र आहे तिथे कांडी पेटवू नये.

दाब आणि तापमानाची जोडी पाढ्यासारखी पाठ हवी. उणे २० अंशांना गेजवर १३ पीएसआय (चौरस इंचावर पौंड), उणे १५ ला २० च्या जवळ, उणे १० ला साडेसत्तावीस, शून्याला पावणेअठ्ठेचाळीसच्या आसपास. वरच्या बाजूला ३० अंशांना १५५, ३५ ला १८१, ४० ला २११. उणे ३० ला जेमतेम अडीच पीएसआय उरतो आणि उणे ४० ला गेज व्हॅक्यूममध्ये, पावणेनऊ इंचांच्या आसपास. हे पाठ असलं की गेजच थर्मामीटर होतो. बर्फाच्या कारखान्यात ब्राइन, म्हणजे गार केलेलं खारं पाणी, उणे १० ला आहे आणि सक्शन २० पीएसआय, तर ठीक. ब्राइन तेवढंच गार असून सक्शन १० वर आला, तर कॉइलला लिक्विड कमी पोचतंय, कॉइलमध्ये तेल साचलंय किंवा ब्राइन ढवळणारा एजिटेटर नीट चालत नाही. शिकाऊ मुलाने लॉगशीट भरताना प्रत्येक दाबासमोर त्याचं तापमान स्वतःच्या हाताने लिहावं. महिनाभरात तो आकडा टिपणं सोडून आकडा वाचू लागतो.

दुसरा टप्पा: पाइप वाचणं

कोऱ्या कागदावर अख्खा प्लँट काढायचा. कॉम्प्रेसरपासून निघा: डिस्चार्ज लाइन, ऑइल सेपरेटर, कंडेन्सर, रिसीव्हर, रिसीव्हरवरचा किंग (मुख्य लिक्विड) व्हॉल्व्ह, लिक्विड लाइन, एक्स्पान्शन किंवा फ्लोट, अक्युम्युलेटर, कॉइल, परत सक्शन. प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्याची लाइन छपरावर कुठे उघडते तेही दाखवायचं. कंपनीचा जुना ड्रॉइंग समोर ठेवून नक्कल चालणार नाही, कारण दहा वर्षांत तीन जोड बदललेले असतात आणि ड्रॉइंगमध्ये एकही नसतो. पाइपाला हात लावत, शिडी चढत काढायचं. हे काम नीट व्हायला दोन आठवडे लागतात आणि ते दोन आठवडे वाया जात नाहीत.

चित्र झालं की शिकवणाऱ्याने बोट ठेवून विचारायचं: हा व्हॉल्व्ह बंद केला तर काय होईल? याच प्रश्नातून सर्वांत महत्त्वाचा नियम शिकायचा. दोन बंद व्हॉल्व्हांच्या मध्ये थंड लिक्विड कोंडू नये. लिक्विड तापलं की फुगतं, फुगायला जागा नसली की पाइप किंवा व्हॉल्व्हचं बॉनेट फोडतं. त्याला कॉम्प्रेसरचा दाब लागत नाही, दुपारचं ऊन पुरतं. म्हणून लिक्विड लाइन बंद करताना आधी वरचा व्हॉल्व्ह बंद, मग मधलं लिक्विड खालच्या बाजूला ओढून काढणं, आणि मगच खालचा बंद.

कामाची वही

वहीत प्रत्येक कामाला तीन रकाने ठेवा: पाहिलं, देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. प्रत्येक रकान्यात तारीख आणि शिकवणाऱ्याची सही. कॉम्प्रेसर चालू-बंद करणं, पंप डाऊन (अमोनिया ओढून रिसीव्हरमध्ये गोळा करणं), तेल भरणं, तेल काढणं, हवा काढणं, डिफ्रॉस्ट, सिलिंडरवरून गॅस भरणं, गळती शोधणं, वीज गेल्यावर पुन्हा सुरुवात. चालू-बंद करणं वीसेक वेळा होऊन जातं. तेल काढणं मात्र देखरेखीखाली दहादा झाल्याशिवाय सही देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. वर्षातून एकदाच येणारं काम, जसं सेफ्टी व्हॉल्व्ह बदलणं, त्या दिवशी शिकाऊ मुलाची पाळी मुद्दाम तिथे लावा. अमेरिकेतल्या आयआयएआर या अमोनिया रेफ्रिजरेशनच्या संस्थेच्या मानकात सेफ्टी व्हॉल्व्ह पाच वर्षांनी बदलायचा असतो. आपल्याकडे तोच व्हॉल्व्ह वीस वर्षं गंजत बसलेला दिसतो आणि त्याच्याखालचा बंद करायचा व्हॉल्व्ह कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला असतो.

कॉम्प्रेसर सुरू करताना वही काय तपासते? क्रँककेसच्या काचेत तेल अर्ध्यापेक्षा वर, जॅकेटचं पाणी चालू, डिस्चार्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, सक्शन बंद. मग मोटर. तेलाचा दाब सक्शनपेक्षा मशीनच्या पुस्तकात लिहिला आहे तेवढा वर चढलाय हे पाहिल्यावर सक्शन हळूहळू, पाव-पाव फेऱ्याने उघडायचा. हेडमधून टकटक आली किंवा क्रँककेसवर दंव चढू लागलं की लिक्विड येतंय: सक्शन लगेच आवळा. सक्शन एकदम उघडून लिक्विड मारलं की व्हॉल्व्ह प्लेटचे तुकडे पिस्टनमध्ये जातात.

तेल काढणं: इथेच सर्वांत जास्त लक्ष द्या

नेहमीचं खनिज तेल अमोनियात मिसळत नाही आणि लिक्विड अमोनियापेक्षा जड असतं. म्हणून ते वाहत जाऊन अक्युम्युलेटरच्या, रिसीव्हरच्या आणि कॉइलच्या तळाशी बसतं. तिथून ते काढावंच लागतं, आणि काढताना तेलाच्या मागे लिक्विड अमोनिया उभाच असतो. तेल संपलं की दुसऱ्या क्षणी तो बाहेर येतो. रोजचं, साधं, घाणेरडं काम म्हणून ते सर्वांत नव्या मुलावर ढकललं जातं. व्हायला नेमकं उलट हवं.

ऑइल पॉट, म्हणजे तेल उतरवून घ्यायचं वेगळं भांडं, असलेल्या प्लँटमध्ये क्रम असा:

१. दोन माणसं. दुसरा दाराजवळ, मुखवटा गळ्यात आणि नजर पहिल्यावर. एक्झॉस्ट चालू, हातमोजे, चष्मा, पाण्याचा नळ चालतोय हे पाहिलेलं.

२. वरच्या भांड्यातून पॉटकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि पॉटची सक्शनकडे जाणारी व्हेंट लाइन उघडी ठेवा. पॉटमधला अमोनिया उकळून निघून जाऊ द्या. पॉटवरचं दंव उतरेपर्यंत, भांडं हाताला खोलीइतकं लागेपर्यंत थांबायचं. तास लागला तर तास. गरम पाणी चालेल, ब्लो लॅम्प कधीही नाही.

३. व्हेंट बंद करून गेज पाहा. दाब चढत राहिला तर आत अजून लिक्विड आहे. व्हेंट परत उघडा. दाब शून्याच्या किंचित वर स्थिर राहिला तरच पुढे जा. व्हॅक्यूम असेल तर तेल येणार नाही, उलट हवा आत जाईल.

४. आता हँड व्हॉल्व्ह उघडा आणि स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह हाताने धरून तेल बादलीत सोडा. हा दांडा तारेने बांधणं किंवा त्यात लाकडाचा तुकडा अडकवणं म्हणजे त्या व्हॉल्व्हचा उपयोगच काढून घेणं. ज्या प्लँटवर हा व्हॉल्व्ह नाही, तिथे मालकाला आधी तो बसवायला लावा.

५. धार थांबली आणि तेल संपलंय असं वाटत नसेल, तर व्हॉल्व्ह चोंदलाय. तारेने खुपसू नका. घाण निघते त्याच क्षणी पूर्ण धार अंगावर येते आणि तेव्हा हात व्हॉल्व्हवर नसून तारेवर असतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पॉट पुन्हा रिकामा करा, मग व्हॉल्व्ह उघडून साफ करा.

६. काढलेलं तेल मापून लॉगमध्ये लिहा. महिन्यात कॉम्प्रेसरमध्ये १२ लिटर घातलं आणि ३ लिटरच निघालं, तर ९ लिटर कुठेतरी कॉइलमध्ये साचून थंडावा खातंय.

हवा आहे का, ते मापून सांगणं

डिस्चार्ज दाब चढला की “हवा झालीय” असं म्हणून पर्ज, म्हणजे हवा सोडायचा व्हॉल्व्ह, उघडणं ही जुनी सवय. आधी तपासा. कॉम्प्रेसर बंद करा, कंडेन्सरचा गॅसकडचा आणि लिक्विडकडचा व्हॉल्व्ह बंद करा, पाणी मात्र चालूच ठेवा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं तापमान सारखं झालं की गेज वाचा. पाणी ३० अंश असेल तर गेजवर १५५ पीएसआय हवा. १७५ दिसतो? मग वरचे २० पीएसआय हवेचे. गेज १५५ वरच असेल तर हवा नाही. नळ्यांवरचा क्षार, कमी पाणी किंवा बंद पडलेला पंखा शोधा. हवा काढताना नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा: हवेचे बुडबुडे वर येतात, अमोनिया पाण्यात विरघळतो आणि कडकड आवाज येतो. बुडबुडे संपून नुसता आवाज उरला की बंद. ते पाणी अमोनियाचं झालेलं असतं, गटारात ओतू नका.

दोन अपघात, दोन धडे

कॅनडातल्या फर्नी या गावी १७ ऑक्टोबर २०१७ ला बर्फाच्या स्केटिंग मैदानाच्या मशीन रूममध्ये अमोनिया सुटला आणि तिघे कामगार गेले. चिलरच्या नळीतून अमोनिया ब्राइनमध्ये शिरत होता. गळतीची कल्पना आधी आलेली असूनही चिलर पुन्हा चालू केला गेला होता. आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्याला हा धडा थेट लागू पडतो. ब्राइनचा नमुना काचेच्या नळीत घ्या, कॉस्टिक सोड्याचे थेंब घाला, किंचित गरम करा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. निळा झाला तर ब्राइनमध्ये अमोनिया आहे. कॅल्शियमच्या ब्राइनमध्ये पांढरा साका येतो, तो वेगळा, त्याने घाबरू नका. ही चाचणी आठवड्याला एकदा करून वहीत लिहावी. निळा आला की ती कॉइल किंवा चिलर बाजूला काढायचा, “सीझन संपल्यावर बघू” म्हणायचं नाही.

दुसरा अमेरिकेतला. २३ ऑगस्ट २०१० ला अलाबामातल्या थिओडोर इथल्या कोल्ड स्टोरेजमधून ३२,००० पौंडांहून जास्त, म्हणजे साडेचौदा टनांच्या घरात, अमोनिया बाहेर पडला. वीज जाऊन आली होती. डिफ्रॉस्टमध्ये असलेली कॉइल कंट्रोल रीसेट झाल्याने सरळ कूलिंगला गेली. गरम गॅस आणि थंड लिक्विड एकत्र येऊन हादरा बसला आणि छपरावरचा पाइप फुटला. ज्यांच्याकडे वीज रोज जाते-येते त्यांनी ही गोष्ट प्रत्येक शिकाऊ मुलाला चित्र काढून समजावावी: वीज आली की आधी पाहा कोणती कॉइल डिफ्रॉस्टमध्ये होती, तिचा दाब सक्शनमध्ये हळू उतरवा, मगच कूलिंग. त्या दिवशी फुटका पाइप शोधून वेगळा करण्यात वेळ गेला. इमर्जन्सी स्टॉप आधी दाबायला हवा होता. सरावातही बटण पहिलं, शोध नंतर.

आणीबाणीची परीक्षा

इथे तोंडी उत्तर चालत नाही. मशीन रूमबाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड आहे का, वारा कुठून येतोय आणि पळायचं कुठे (आधी वाऱ्याला आडवं, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला), हे उमेदवाराने चालून दाखवावं. हिरव्या पट्ट्याचा, के प्रकारचा कॅनिस्टर मुखवटा फक्त बाहेर पडण्यासाठी. गळती किती आहे माहीत नसेल तर आत जायला एससीबीएच, तोही दोघांनी. तीस मिनिटांचा सिलिंडर घाबरलेल्या माणसाला तीस मिनिटं पुरत नाही, हे एकदा जिने चढायला लावून दाखवा. हवेतल्या वायूवर पाण्याचा फवारा मारा, पण जमिनीवर साचलेल्या लिक्विडवर पाणी ओतू नका. ते उकळून ढग दुप्पट करतं. डोळ्यांत किंवा अंगावर गेलं तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, डोळे बोटांनी उघडे धरून. कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, पाण्याने सुटू द्या. मलम काही लावायचं नाही, पाणी आणि दवाखाना.

बाहेरच्या परीक्षा

आखातात, अमेरिकेत किंवा मोठ्या निर्यातदार कंपनीत जायचं असेल तर रेटा या अमेरिकन संस्थेच्या परीक्षा उपयोगी पडतात. १९१० साली स्थापन झालेली ही ऑपरेटरांचीच संस्था. कॅरो ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा, सिरो अनुभवी ऑपरेटरची, सीआरएसटी सर्व्हिस करणाऱ्या तंत्रज्ञाची. प्रश्न इंग्रजीत असतात, म्हणून मराठीत शिकलेल्या मुलाने सहा महिने आधीपासून आपली लॉगशीट इंग्रजीत लिहायला घ्यावी. हाच सर्वांत स्वस्त क्लास. माणसांच्या पात्रतेसाठी आयएसओ २२७१२ हे मानक २०२३ ला आलं. आपल्या वहीचे रकाने त्याच्याशी जुळवून ठेवले तर ऑडिटच्या वेळी वेगळी कागदपत्रं करावी लागत नाहीत.

अमेरिकेत १०,००० पौंडांहून जास्त, म्हणजे साधारण साडेचार टन, अमोनिया असलेल्या प्लँटला ऑपरेटरचं प्रशिक्षण निदान तीन वर्षांनी पुन्हा द्यावंच लागतं. आमचा आग्रह दरवर्षीचा: तेल काढणं आणि एससीबीए हे दोन रकाने दर बारा महिन्यांनी पुन्हा कोरे करा आणि सही नव्याने मिळवायला लावा, मग माणूस पंचवीस वर्षांचा जुना का असेना. आणि ऑपरेटर दुसऱ्या प्लँटवर गेला तर त्याची प्रमाणपत्रं सोबत जातात, सह्या जात नाहीत. तिथे त्याने पुन्हा कोरा कागद घ्यायचा आणि कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज फ्लँजपासून पाइप काढायला सुरुवात करायची.